विश्वेश्वरय्या आणि पाण्याचा फुगवटा

१५ सप्टेंबर हा दिवस ज्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या कर्नाटकाचे सुपुत्र होत. परंतु इंजिनिअर म्हणून त्यांची जडणघडण महाराष्ट्रात झाली. म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात १८६१ साली त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे जाणकार, पण घरची परिस्थिती बेताची. त्यातच वडिलांचे छत्र लवकर हरपले. बंगळूरला शिकवण्या करीत ते १८८१ मध्ये बी. ए. झाले व म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. १८८३ मध्ये तेथील परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. नाशिक, खानदेश, सक्कर, पुणे अशी त्यांच्या नोकरीची ठिकाणे आहेत. प्रत्येक ठिकाणचे काम सांगत बसल्यास अंक पुरणार नाही. पाणी किती उंचीपर्यंत अडवावे, या एका प्रश्नापुरतेच येथे लिहितो.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वाहत्या पाण्याला उतार पुढे ओढतो, तळ व काठ मागे धरतात, आणि दोहोंचा मेळ बसला की पाण्याला एक ठराविक खोली येते. पुढे बंधारा घातला की हा मेळ बिघडतो. बंधाऱ्याशी पाणी चढते आणि ही चढ मागे मागे कमी होत जाऊन बऱ्याच अंतरावर नाहीशी होते. यालाच मराठीत फुगवटा म्हणतात. कन्नडमध्ये ‘हिन्नीरु’, म्हणजे मागचे पाणी. आपल्याला वाटते, बंधाऱ्याच्या माथ्यापासून मागे सरळ आडवी रेघ ओढली की झाले. पण पूर वाहत असतो तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग आडवा नसतो. तो मागे वर चढत जातो आणि त्या आडव्या रेघेच्या वरची जमीनही पाण्याखाली येऊ शकते. आमच्या लोंढ्याकडच्या उताराच्या ओढ्यांत फुगवटा थोडक्यात संपतो, कृष्णेसारख्या संथ नदीत मात्र तो मैलोन्‌मैल जातो. याचे गणित फ्रान्समध्ये बेलांजे याने १८२८ साली मांडले. बंधाऱ्यापासून सुरुवात करून एकेक टप्पा मागे जायचे. एका टप्प्याची आलेली पातळी ही पुढच्या टप्प्याची सुरुवात. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे कळायला अवघड नाही. अखेरची शिल्लक पुढच्या पानावर ओढावी, तसेच हे!

आता पुण्याकडे वळू. खडकवासल्याच्या धरणाचे पाणी शहराला व कालव्याला अपुरे पडू लागले होते. धरणाची उंची वाढवावी तर खर्च मोठा आणि जुन्या भिंतीवर भारही मोठा. विश्वेश्वरय्यांनी पाहिले की, दर पावसाळ्यात सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाते. म्हणजे भिंतीने आणि मागच्या काठाने ती पातळी आधीच सोसलेली होती. फक्त पूर ओसरला की ती टिकत नव्हती. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दारे आपोआप उघडत, उतरले की मिटत. १९०३ मध्ये हे काम झाले व सुमारे आठ फूट जादा पाणी साठून धरणाचा साठा जवळजवळ पावपट वाढला. दारांचे पेटंट त्यांच्या नावे होते, पण त्यावरील मानधन त्यांनी सरकारकडून घेतले नाही. पगार घेऊन केलेल्या कामाचे आणखी पैसे कसले, हा त्यांचा बाणा!

नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली व ऊस, भात आणि कमी पाण्याची पिके पाळीपाळीने घ्यायला लावली. मनसोक्त पाण्याची सवय झालेल्या बागायतदारांना ती प्रथम रुचली नाही. चीफ इंजिनिअरची जागा त्या काळी हिंदी माणसाच्या वाट्याला येण्यासारखी नव्हती. म्हणून १९०८ च्या सुमारास त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा निजाम सरकारने त्यांनाच बोलावले. पूर शहरात थोपवण्यापेक्षा वरच्या अंगाला धरणात धरावा, असा त्यांचा सल्ला होता. उस्मानसागर व हिमायतसागर त्यातून झाले.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. येथे पाण्याच्या उंचीचा प्रश्न दोन सरकारांमधला झाला. १२४ फूट पाणी साठावे ही म्हैसूरची इच्छा; खालच्या बाजूच्या मद्रास सरकारची संमती मात्र कमी उंचीलाच. त्यांनी पाया पूर्ण उंचीला पुरेल असाच घातला. मला हे धाडस वाटते, कोणी त्याला हट्टही म्हणेल. तंटा १९२४ च्या करारापर्यंत चालला. मंड्याकडची कोरडी जमीन भिजली हे खरे. पण धरणामागच्या पाण्यात कन्नंबाडी गाव व तेथील जुने देऊळ गेले, हेही तितकेच खरे. फुगवटा कोणाच्या दारात जातो, हा प्रश्न आपल्या भागाला काही परका नाही. अलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याची मुभा कृष्णा लवादाने २०१० मध्ये दिली, आणि सांगली-कोल्हापूरच्या पुराशी त्या फुगवट्याचा संबंध किती, यावर दोन राज्यांत वाद झाला. असा वाद पायरीपायरीच्या हिशेबानेच सुटेल, घोषणांनी नाही, असे मला वाटते.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी मतभेद होऊन ते पायउतार झाले. या बाबतीत काळाची पावले त्यांनी ओळखली नाहीत असे वाटते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि तो लोंढा खडकवासल्यावर आदळून तेही धरण फुटले. अर्धे पुणे पाण्यात गेले. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी त्या सांडव्यावर दारे बसविणारे विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, ते बंगळूरला वारले. अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीस झाले.