सॉलोमन जे. सॉलोमन : रणगाडा रंगवणारा चित्रकार

चित्रकाराचं काम काय, असं कुणी विचारलं तर आपण पटकन म्हणू, वस्तू डोळ्यांसमोर उभी करणं. आदिलाबादहून हमरस्त्याने दक्षिणेला गेलं की निर्मल लागतं. तिथले नक्काश कारागीर पोनिकीचं हलकं लाकूड कोरतात, चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून सांधे बुजवतात आणि मग रंग देतात. लाकडाचा आंबा हातात घेऊन वास घ्यावासा वाटतो, ही त्या रंगाची करामत. ज्या माणसाबद्दल मी या अंकात लिहिते आहे त्यांनीही वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत हेच केलं. सपाट कॅनव्हासवर हाडामांसाची माणसं उभी केली. मग पहिलं महायुद्ध आलं आणि त्यांनी नेमकं उलटं काम अंगावर घेतलं: समोर उभी असलेली वस्तू कुणाला दिसू नये अशी रंगवायची. त्यांचं नाव सॉलोमन जोसेफ सॉलोमन.

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती चित्रकलेच्या पुस्तकातून नाही. मला प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडून रंगवायचा नाद आहे. (मुलींना असला नाद कसा, हा प्रश्न आमच्या घरी आता कुणी विचारत नाही.) मागच्या वर्षी मावसभावाने पुण्याहून मार्क वन या जगातल्या पहिल्या रणगाड्याचं मॉडेल पाठवलं. प्रमाण १/७२, म्हणजे आठ मीटरचा रणगाडा अकरा सेंटिमीटरचा झालेला. खोक्यावरच्या चित्रात तो चक्क गुलाबी, हिरवा, करडा आणि तपकिरी होता, आणि प्रत्येक ठिगळाभोवती काळी रेघ. युद्धातलं वाहन म्हणजे मळकट हिरवं, एवढंच मला ठाऊक. हे रंग कुणी ठरवले ते शोधायला गेले आणि हे गृहस्थ भेटले.

सॉलोमन यांचा जन्म १६ सप्टेंबर १८६० चा, लंडनचा. घर यहुदी, वडिलांचा चामड्याचा व्यापार. धाकटी बहीण लिली हीसुद्धा पुढे चित्रकार झाली. सॉलोमन आधी लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकले, मग म्युनिकला, मग पॅरिसला अलेक्झांडर काबानेल यांच्या हाताखाली. काबानेल म्हणजे त्या काळच्या सरकारमान्य, गुळगुळीत, देखण्या चित्रशैलीचे मोठे गुरू. अंगाचा प्रत्येक स्नायू कुठे उजळतो आणि कुठे अंधारतो याची जी तालीम सॉलोमन यांना तिथे मिळाली, ती त्यांना जन्मभर पुरली.

१८८७ साली त्यांनी शमशोन हे प्रचंड मोठं चित्र रंगवलं. शास्ते या पुस्तकातली ती गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी संडे स्कूलमध्ये ऐकली आहे. केस कापलेला शमशोन पलिष्ट्यांच्या दोरांत अडकून धडपडतो आहे, चौघे-पाच जण त्याला आवरतायत, आणि दलीला त्याचे केस हातात धरून त्याला खिजवते आहे. चित्राचा फोटो पाहिला तरी दोर करकचल्याचा आवाज येईल असं वाटतं. याच जोरावर त्यांचं नाव झालं. पुढे ते मुख्यतः व्यक्तिचित्रांवर जगले. लेखक इझ्रायल झँगविल यांचं त्यांनी केलेलं व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. १९०६ साली ते रॉयल अकॅडमीचे पूर्ण सभासद झाले. तोवर हा मान मिळालेले यहुदी चित्रकार अगदी मोजके होते. १९१० मध्ये त्यांनी तैलरंग आणि रेखाटन शिकवणारं पाठ्यपुस्तकही लिहिलं. थोडक्यात, पोट भरलेला, मान मिळालेला, जरा जुन्या वळणाचा माणूस. आरामात म्हातारं व्हायला हरकत नव्हती.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. सैन्यात जायचं वय टळून गेलेलं, तरी ते कलावंतांच्या एका स्वयंसेवक पलटणीत साधे शिपाई म्हणून कवायत करू लागले. कवायत करताना त्यांचं लक्ष मात्र चित्रकाराचं. खाकी रंग मातीसारखा आहे, हे खरं. खाकी हा शब्दही इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. १८४६ साली पेशावरला उभ्या केलेल्या गाइड्स पलटणीने तो रंग आधी वापरला. पण सॉलोमन यांना दिसलं ते असं, की रंग जुळला तरी माणूस लपत नाही. ऊन वरून पडतं. टोपी आणि खांदे उजळतात, हनुवटीखाली आणि पोटाजवळ सावली येते. त्या उजेड-सावलीवरूनच आपल्या डोळ्याला कळतं की इथे काहीतरी गोल, भरीव, जिवंत आहे. कॅनव्हासवर हीच युक्ती वापरून ते चाळीसेक वर्षं माणसं उभी करत आले होते.

मग याचं उलटं केलं तर? वरचा भाग गडद, खालचा फिका. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढरं असतं ते याचसाठी, असं अमेरिकेतले चित्रकार ॲबट थेयर यांनी १८९६ मध्येच मांडलं होतं. सॉलोमन यांनी हा विचार रणांगणावर आणायचा आग्रह धरला. जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी टाइम्स या वृत्तपत्राला पत्र लिहिलं. रंगवलेली मलमल बांबूवर ताणून खंदक कसा झाकता येईल याचे प्रयोग केले. लष्करातल्या लोकांना हे हौशी म्हाताऱ्याचे उद्योग वाटले. जवळपास वर्षभर त्यांच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

फ्रेंच मात्र पुढे गेले होते. तिथे ग्विरां द सेव्होला नावाच्या चित्रकाराच्या हाताखाली १९१५ पासूनच कॅमोफ्लाजची वेगळी तुकडी होती. हे पाहून इंग्रजांनाही जाग आली. १९१५ च्या अखेरीस सॉलोमन यांना फ्रान्सला पाठवलं आणि परत आल्यावर थेट लेफ्टनंट कर्नल केलं. काल साधा शिपाई, आज कर्नल! त्यांनी माणसं निवडली तीही नाटकाचे पडदे रंगवणारी, नेपथ्य करणारी. त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे एक खोटं झाड. दोन्ही सैन्यांमधल्या उजाड जमिनीलगत तोफांनी मोडलेली वाळुंजाची खोडं उभी असत. त्यातल्या एकाचं हुबेहूब रूप घेऊन आत पोलादी नळी, चढायला शिडी, वर बसायला जागा. बाहेरून लावायला खरी साल विंडसरच्या राजोद्यानातल्या जुन्या झाडाची आणली. रात्रीच्या अंधारात खरं खोड काढून त्या जागी खोटं रोवायचं, म्हणजे सकाळी शत्रूला काही बदललेलं दिसत नाही, आणि आपला माणूस आत बसून त्याच्याकडे पाहतो आहे. मार्च १९१६ मध्ये पहिलं इंग्रज झाड उभं राहिलं. उभारणीच्या जागी, गोळीच्या टप्प्यात, सॉलोमन स्वतः जात. वय पंचावन्न.

पण कारखाना चालवणं, हिशेब ठेवणं, हुकूम देणं-घेणं हे त्यांचं काम नव्हतं. थोड्याच महिन्यांत तुकडीची सूत्रं फ्रान्सिस वायट या इंजिनिअर अधिकाऱ्याकडे गेली. सॉलोमन यांना इंग्लंडला परत बोलावून एका गुप्त यंत्राला रंग द्यायला सांगितलं. हेच ते मार्क वन रणगाडे.

१९१६ च्या उन्हाळ्यात थेटफर्डजवळ एल्व्हडन इथे हे अठ्ठावीस टनी लोखंडी धूड त्यांच्यासमोर उभं होतं. आकार तिरक्या चौकोनासारखा, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले तोफांचे कप्पे, सगळीकडे रिव्हेट. शमशोनाचे स्नायू रंगवणाऱ्या माणसाने त्यावर मोठमोठी ठिगळं काढली: गुलाबी, करडी, हिरवी, तपकिरी. गुलाबी कशाला, तर दुरून पाहिल्यावर हे रंग एकमेकांत मिसळतात आणि माती, गवत, संधिप्रकाश यांच्याजवळ जातात. आणि ठिगळं अशी की रणगाड्याची कड मध्येच तुटल्यासारखी वाटावी. डोळा आकार ओळखतो तो कडेवरून. कड मोडली की ओळख मोडते.

इथे मॉडेल रंगवणाऱ्यांसाठी एक गंमत आहे, आणि ती मला ब्रश हातात असतानाच कळली. अकरा सेंटिमीटरच्या रणगाड्यावर खऱ्या सूर्याची सावली पुरेशी पडत नाही. नुसतं कॅमोफ्लाज रंगवलं तर तो खेळणं दिसतो. म्हणून आम्ही पातळ केलेला गडद रंग सोडतो, तो कोपऱ्यांत आणि रिव्हेटभोवती साचतो. त्याला वॉश म्हणतात. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा, म्हणजे कडा उजळतात. रंगही मूळ छटेपेक्षा थोडे फिके घ्यावे लागतात, कारण खरी वस्तू लांबून पाहताना मधल्या हवेने ती फिकट दिसते, आणि मॉडेल पाहणं म्हणजे लांबून पाहणंच. म्हणजे एकाच वस्तूवर दोन उलटी कामं चालतात. ठिगळं आकार मोडतात, वॉश आणि कोरडा ब्रश तो पुन्हा उभा करतात. ठिगळं सॉलोमन यांच्या युद्धातल्या हाताची, उजेड-सावली त्यांच्या आधीच्या हाताची. निर्मलचा कारागीर आंब्याच्या गालावर पिवळट उजाळा देतो, तोही त्याच आधीच्या हाताचा भाऊ.

खुद्द सॉलोमन यांना रंगाची मर्यादा लवकर कळली. रंगाने अंगावरची सावली मोडता येते, पण जमिनीवर पडणारी सावली मोडता येत नाही, आणि विमानातून काढलेल्या फोटोत तीच आधी दिसते. म्हणून ते म्हणू लागले की रणगाड्यावर जाळी टाका. मासेमारीच्या जाळ्यात रंगीत चिंध्या गुंतवल्या की खालचं सगळंच अस्पष्ट होतं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी, त्यांच्या छप्पन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सोमच्या लढाईत फ्लेर-कूर्सलेत इथे रणगाडे पहिल्यांदा उतरले. बरेचसे वाटेतच बंद पडले किंवा रुतले. चिखलाने सगळे एकाच रंगाचे झाले. पुढे सैन्याने ती ठिगळं सोडून सरळ एकरंगी तपकिरी पत्करला. जाळीची कल्पना मात्र टिकली आणि तोफांवर, दारूगोळ्यावर सर्रास वापरली जाऊ लागली. डिसेंबर १९१६ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये कॅमोफ्लाज शिकवणारी शाळा निघाली, तिच्या स्थापनेतही त्यांचा हात होता.

इथवर गोष्ट छान आहे. यानंतरचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो.

१९१८ च्या वसंतात जर्मनांनी अचानक प्रचंड हल्ला चढवला. एवढं सैन्य आधी दिसलं कसं नाही? सॉलोमन विमानातून काढलेले फोटो घेऊन बसले. तासन्‌तास पाहिल्यावर त्यांना शेतांच्या सावल्या चुकीच्या दिशेला पडलेल्या दिसू लागल्या, रस्ते मध्येच संपलेले दिसू लागले. त्यांची खात्री झाली की जर्मनांनी मैलोन्‌मैल छपरं उभारून त्यांवर शेतं रंगवली आहेत आणि त्यांखाली आख्खी सैन्यं लपवली आहेत. अधिकाऱ्यांनी मानलं नाही. युद्ध संपलं, ती जमीन दोस्तांच्या ताब्यात आली, तरी ते मागे हटले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी यावर पुस्तकच काढलं. लोकांनी त्यांची टर उडवली.

१९१५ मध्येही लोक हसले होते, तेव्हा ते बरोबर होते. १९२० मध्ये पुन्हा हसले, तेव्हा ते चुकले होते. आतून मात्र दोन्ही वेळा त्यांना सारखंच वाटलं असणार: मला दिसतंय, यांना दिसत नाही. माणूस बरोबर आहे की चूक हे त्याच्या खात्रीवरून कळत नाही, हे मला या आयुष्यातून शिकायला मिळालं. लपवण्याची कला हाडात मुरली की सगळीकडे लपवलेलंच दिसायला लागतं. साहित्य शिकणाऱ्या आपल्याला हा आजार अगदीच परका नाही. कवितेत झाड आलं की आपण त्याच्यामागे काय दडलंय ते शोधतो. बहुतेक वेळा काहीतरी असतंही. पण कधी कधी शेत हे शेतच असतं.

तरीही या टिंगलीने ते खचून बसले नाहीत. युद्धानंतर ते रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्‌सचे अध्यक्ष होते आणि चित्रंही काढत राहिले. जुलै १९२७ मध्ये केंटमधल्या बर्चिंग्टन या समुद्रकाठच्या गावी ते वारले. तोवर कलेची आवड पार बदलली होती आणि त्यांची शैली जुनाट ठरली होती.

शमशोन आज लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. जगात उरलेला एकमेव मार्क वन डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे आणि त्यावर सॉलोमन यांच्या पद्धतीची ठिगळं रंगवली आहेत. जे दिसू नये म्हणून रंगवलं, ते पाहायला लोक तिकीट काढून जातात. त्या काळचे फोटो काळे-पांढरे, म्हणून नेमका गुलाबी किती गुलाबी होता यावर मॉडेलवाल्यांचे वाद अजून चालू आहेत. मी माझा थोडा मातकट घेतला. पैनगंगेकाठच्या कापसाच्या काळ्या रानावर मे महिन्यात संध्याकाळी जी गुलाबी धूळ उडते, तिच्याजवळचा.