खाल्लेलं अंगी लागत नाही

खाल्लेलं अंगी न लागणारी मुलं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. हातपाय काडीसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं. जुलाब थांबत नाहीत, उंची वाढत नाही, मूल सदा किरकिरं. आजी मीठमोहऱ्या ओवाळते, कुणी जंतांचं औषध देतं. अशा मुलांच्या खाटांपाशी ज्यांचं निम्मं आयुष्य गेलं, त्या विलेम कारेल डिके या डच डॉक्टरांचं नाव वैद्यकाच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं आहे. या मुलांपैकी कित्येकांचा वैरी त्यांच्याच ताटात बसलेला असतो आणि त्याचं नाव गहू, हे त्यांनी सिद्ध केलं.

डिके यांचा जन्म १९०५ सालचा, डॉर्ड्रेख्ट गावचा. लायडनला वैद्यकी शिकून ते हेग शहरातल्या ज्युलियाना बालरुग्णालयात आले आणि १९३६ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. (आमच्या बँकेत या वयाचा माणूस फार तर एखाद्या आडगावच्या शाखेत अकाउंटंट व्हायचा.)

सीलिॲक हा आजार तेव्हा नवा नव्हता. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये त्याचं नेमकं वर्णन करून ठेवलं होतं आणि मूल बरं झालं तर ते आहारानेच होईल, असंही म्हटलं होतं. पण कोणत्या आहाराने? न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारत, आणि श्रेय केळ्याला मिळे. त्या आहारात पाव नसतो, याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

डिके यांचं गेलं. सांगतात की, पाव बंद केला की आपलं मूल सुधारतं, असं एका तरुण आईने त्यांच्या कानावर घातलं होतं. आईच्या बोलण्याला रुग्णालयात किती किंमत असते, हे आपण जाणतोच. डिके यांनी ती दिली. १९४१ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात पाव आणि टोस्ट वगळलेला साधा आहार सुचवला.

मग १९४४-४५ चा तो भुकेचा हिवाळा आला. पश्चिम हॉलंडची रसद तुटली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, हजारो माणसं उपासमारीने गेली. पाव मिळेनासा झाला, तेव्हा सीलिॲकची मुलं उलट बरी राहिली. मदतीचा पाव आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. ही गोष्ट इतकी नाट्यमय आहे की, शोध त्या हिवाळ्यातच लागला असं पुष्कळजण समजतात. मला ते पटत नाही. संशय जुना होता. दुष्काळाने फक्त साक्ष दिली. आणि एका साक्षीवर निकाल लागत नाही.

पुरावा मिळाला तो जमाखर्चातून. उट्रेख्टचे रसायनशास्त्रज्ञ वान दे कामर यांनी विष्ठेतली चरबी मोजायची पद्धत बसवली होती. पोटात किती गेलं आणि न पचता किती बाहेर पडलं, याचा ताळा जुळवायचा. मोजकीच मुलं, पण वर्षानुवर्षं नोंदी. गहू दिला की तोटा वाढे, वजन घटे. तांदूळ, मका, बटाटा दिला की ताळेबंद सुधारे. आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माणसाला हा भाग त्या हिवाळ्याहूनही रोमांचक वाटतो! १९५० मध्ये डिके यांनी हा प्रबंध उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केला. पुढे वान दे कामर आणि वायर्स यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की, दोष गव्हातल्या पिठूळ भागाचा नाही, कणकेला चिकटपणा देणाऱ्या ग्लुटेनचा आहे.

१९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये हेच निष्कर्ष पुष्ट केले. १९५७ मध्ये डिके उट्रेख्टला प्राध्यापक झाले. पण सुख फार लाभलं नाही. १९६२ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, ते गेले.

ग्लुटेनमुळे शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे बारीक अंकुर झिजून सपाट होतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. उत्तर भारतात शंभरात सुमारे एकाला, तर दक्षिणेत दहा हजारात सुमारे एकाला हा आजार असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळलं. दक्षिणेत भाताचं राज्य, हे त्याचं एक कारण मानतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात दोन्ही प्रवाह मिळतात. पंजाब-उत्तर प्रदेशातून आलेली गहू खाणारी कुटुंबं इथे आहेत, आणि सोलापूर-मराठवाड्याकडची, भाकरीवरून पोळी, पाव, बिस्किटांवर आलेलीही.

म्हणून लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पंडुरोग, खुंटलेली उंची किंवा हटवादी जुलाब असतील, तर डॉक्टरांना सीलिॲकबद्दल जरूर विचारा. मोठ्या माणसांनाही तो होतो. आधी रक्ताची तपासणी, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. पण तपासणीआधी आपल्या मनाने पोळी बंद करू नका. गहू थांबला की खुणा पुसट होतात आणि निदान चुकतं. एकाला आजार निघाला, तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करावी.

उपाय एकच: गहू, मैदा, रवा, शेवया, जव आणि राय जन्मभर वर्ज्य. चिमूटभरही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा खुशाल चालतात. मात्र डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा डबीवरचा मजकूर वाचायचा. आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हावर ज्वारी टाकली, की पात्यात उरलेलं गव्हाचं पीठ आधी आपल्या डब्यात पडतं. ज्या घरात असं मूल आहे, तिथे एक छोटी घरगुती चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये.