ऑलिंपिकवीर कै. खाशाबा दादासाहेब जाधव

स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नावे आणि देणगीदारांची यादी एकमेकांशेजारी छापण्याचा प्रघात आहे. आमच्या मते हे शेजारपण अर्थपूर्ण आहे. एकाचे परिश्रम फळास येण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागतो, ही गोष्ट ज्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते, त्या खाशाबा जाधवांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील गोळेश्वर या लहानशा गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्याने तांबड्या मातीचा संस्कार त्यांना घरातच लाभला. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच त्यांच्या अंगचे गुण दिसू लागले. कुस्ती हा त्यांचा प्राण होता खरा. पण धावणे, पोहणे, वजन उचलणे, हातोडाफेक अशा नाना खेळांतही त्यांनी प्रावीण्य मिळविले. बेताची उंची आणि शिडशिडीत बांधा पाहून प्रतिस्पर्धी त्यांना सामान्य समजत. परंतु विविध खेळांतून कमावलेला दमसास आणि अंगची चपळाई यांचा प्रत्यय त्यांना लवकरच येई. १९४२ च्या चळवळीतही त्यांनी विद्यार्थिदशेतच भाग घेतला.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात असताना, १९४८ साली, कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर, परक्या नियमांनी लढावे लागले. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक पटकावला. त्या ऑगस्टमध्ये आमचा मराठवाडा निजामी राजवटीतच होता. मस्तगडच्या परिसरातील आमची वडीलधारी मंडळी मुक्तीची वाट पाहत होती आणि ती १७ सप्टेंबरला मिळाली.

सहाव्या क्रमांकावर खाशाबांचे समाधान झाले नाही. गादीवरील कुस्तीचे तंत्र आत्मसात करण्यासाठी त्यांनी चार वर्षे अहर्निश मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, व्यापाऱ्यांनी हातभार लावला. तरी रक्कम पुरी होईना. अशा वेळी महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्य पदक आणील की रिक्त हस्ते परतेल, हे त्या वेळी कोण सांगू शकत होते? घर मात्र गहाण पडले होते.

हेलसिंकीस बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना नमविले. जपानच्या इशी यांच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली, तीत ते पराभूत झाले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना रशियाच्या मल्लाशी लढावे लागले आणि त्यांची बाजू मांडण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. अखेर कांस्यपदक त्यांच्या हाती आले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक होय. पुढचे पदक लिअँडर पेस यांनी १९९६ साली मिळविले. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली!

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. परंतु आम्हांस त्याहून मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत स्वतः लढले आणि आलेल्या पैशांतून गुरूंचे घर सोडविले. पदक राष्ट्राचे, कर्ज मात्र आपले, हा विवेक त्या सत्कारांच्या गर्दीतही ढळला नाही.

१९५५ साली ते पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तोही मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा महाराष्ट्राच्या मातीला बहात्तर वर्षांनी पुन्हा वैयक्तिक पदकाचा मान लाभला.

मरणोत्तर गौरवाचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. परंतु खाशाबांना खरी गरज होती ती १९५२ च्या उन्हाळ्यात, आणि तेव्हा धावून आला तो एक शिक्षक. आपल्याही घरांतून पहाटे मैदानावर जाणारी मुले-मुली आहेत. त्यांचा सत्कार आपण यथाकाल करूच. पण त्यांच्या प्रवासखर्चाची वेळ येईल तेव्हा आपल्यांतून एखादा खर्डेकर पुढे यावा, आणि त्या मुलांनीही खाशाबांप्रमाणे ते ऋण स्मरावे, एवढीच आमची विनंती आहे.