बटाट्यातील सायटोक्रोम आणि कमला सोहोनी

मुंबई विद्यापीठाची रसायन व भौतिकशास्त्रातील पदवी घेऊन कमला भागवत १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांचा अर्ज नाकारला. गुण कमी नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच. वडील व काका याच संस्थेत शिकलेले. कमलाबाई परत फिरल्या नाहीत, नकाराचे कारण विचारत राहिल्या. अखेर वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर प्रवेश मिळाला. नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाची ही संकुचित दृष्टी आजही खटकते. कमलाबाईंनी मात्र श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली.

पुढचा टप्पा केंब्रिजचा. तेथेच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम या प्रथिनकुळाला नाव दिले होते. या कुळातील प्रत्येक प्रथिनाच्या गाभ्यात लोह असलेला हीम हा रंगीत घटक असतो. पेशीतील तंतुकणिकांच्या आतील पटलात ‘ए’ व ‘बी’ गटांतील सायटोक्रोम रुतून बसलेले असतात. ‘सी’ हा त्यांचा लहान भाऊ मात्र पटलाला हलकेच चिकटून ये-जा करतो. लोहाचा अणू इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्याला देतो. अशा हातोहात देवघेवीतून अखेर प्राणवायूचे पाणी होते आणि पेशीला ऊर्जा मिळते. सायनाइड जीव घेते ते या साखळीचे शेवटचे टोक बंद पाडून.

हे सारे वनस्पतींत कसे चालते, हा त्या काळी उलगडत असलेला विषय होता. कमलाबाईंनी हाती घेतला तो साधा बटाटा, अहिल्यानगरच्या भाजीबाजारात कोणीही पिशवीत टाकतो तोच. त्याच्या पेशींत सायटोक्रोम ‘सी’ असल्याचे त्यांनी दाखवले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी रॉबिन हिल यांच्यासह त्यांचे टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा! हल्लीच्या जाडजूड प्रबंधांनी हेवा करावा असा. माणूस आणि चिंपांझी यांच्या सायटोक्रोम ‘सी’मधील १०४ अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत एकच असल्याचे पुढे कळले, बटाट्याचेही त्याच्याशी नाते आहेच.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्ली, मग कुन्नूर आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तेथे नीरेच्या पोषणमूल्यांवर त्यांनी केलेल्या संशोधनाला राष्ट्रपती पुरस्कार लाभला. संस्थेचे संचालकपद मात्र हक्काचे असूनही बरेच उशिरा मिळाले. ग्राहक चळवळीतही त्या अग्रभागी होत्या. थोर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

१९९८ मध्ये दिल्लीतील सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.