मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घालणाऱ्या रयतमाउली लक्ष्मीबाई पाटील

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटलं की पांढरी दाढी, अंगावर खादी आणि अनवाणी पाय डोळ्यांपुढे येतात. रयत शिक्षण संस्थेच्या जवळपास प्रत्येक शाळेत त्यांचा फोटो असतो. अनेक ठिकाणी त्याच्या शेजारी एका बाईंचाही फोटो लावलेला दिसतो. डोक्यावर पदर घेतलेल्या त्या बाई म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. रयतेची मुलं त्यांना रयतमाउली म्हणून ओळखतात.

त्यांच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते, मंगळसूत्राची. ती खरी आहे आणि मोठीही आहे. पण त्या एका गोष्टीमुळे त्याआधीची कितीतरी वर्षं झाकली जातात. एका कर्मठ जैन घरातली सून, जिच्या स्वयंपाकघरात परक्या जातीच्या माणसानं पाऊल टाकायचं नाही, तीच सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत वाढायला लागली. हे एका दिवसात झालं नाही आणि सहजही झालं नाही.

माहेर कुंभोज, सासर ऐतवडे

लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव आदाक्का. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं कुंभोज हे त्यांचं गाव. गावाजवळच बाहुबलीचा डोंगर, जैनांचं तीर्थक्षेत्र. माहेर पाटलाचं, खाऊनपिऊन सुखी. लग्नात अंगावर भरपूर सोनं घालून त्यांना सासरी पाठवलं होतं. हे सोनं पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

भाऊरावांचा जन्मही कुंभोजचाच, 22 सप्टेंबर 1887 चा. पण पाटील घराणं मूळचं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी सांगली नावाचा जिल्हाच नव्हता, वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात मोडायचा. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे भाऊरावांचं आयुष्य सातारा आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांत वाटलेलं दिसतं, पण त्यांच्या लेखी तो एकच मुलूख होता.

दक्षिण महाराष्ट्रातले हे जैन म्हणजे दिगंबर पंथाचे शेतकरी. शेती करायची, गावचं पाटीलपण सांभाळायचं आणि बस्तीत दर्शनाला जायचं. इकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. घरातला धर्म चालायचा तो मुख्यतः चुलीपाशी. पाणी गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, कांदा-लसूण आणि कंदमुळं टाळायची, पर्वाच्या दिवसांत उपास करायचे आणि सोवळं पाळायचं. हे सगळं सांभाळायची जबाबदारी घरच्या बाईची. पुरुष बाहेर काय खातो-पितो यावर पांघरूण घालता येई. स्वयंपाकघर बाटलं की मात्र घर बाटलं.

नवरा मात्र वेगळ्या वाटेचा

भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकत होते. 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह उभं राहत होतं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर अंघोळ करूनच जेवायला बसायचं, असं बोर्डिंगनं सांगितलं. त्यांनी अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला.

म्हणजे ज्या शिवाशिवीपायी नवऱ्याचं बोर्डिंग सुटलं, तीच शिवाशिव बायकोच्या रोजच्या धर्माचा भाग होती. या दोघांच्या संसारातली खरी ओढाताण इथं आहे.

भाऊराव मॅट्रिक झालेच नाहीत. साताऱ्यात येऊन ते शिकवण्या घ्यायला लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणायला लागले. मिळकत बरी होती. पण 1914 साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण घडलं. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ते बधले नाहीत आणि त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. तिथला छळ असा होता, की त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. संसाराची घडी नीट बसायच्या आत घरातल्या बाईवर हा प्रसंग आला.

नंतर त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले. नांगर विकायच्या निमित्तानं ते गावोगाव फिरले आणि शेतकऱ्यांची पोरं शाळेविना कशी वाढतात ते त्यांनी जवळून बघितलं. दूधगाव, नेर्ले अशा गावांत वसतिगृहं निघाली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. पुढे भाऊराव साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात काम करत होते, पण तिथंही बिनसलं आणि त्यांनी ते काम सोडलं. घरात येणारा नियमित पैसा थांबला.

वसतिगृह आलं ते थेट स्वयंपाकघरात

1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. वसतिगृह म्हटल्यावर आज आपल्याला इमारत, रेक्टर आणि मेस आठवते. इथं यातलं काही नव्हतं. पाटलांचं बिऱ्हाड हेच वसतिगृह आणि पाटलांची चूल हीच मेस. तिथल्या मुलांमध्ये अस्पृश्य समाजातली मुलंही होती. 

भाऊरावांसाठी या मुलांना घरी आणणं म्हणजे एका विचाराची पुढची पायरी. तो विचार त्यांनी सोळा वर्षांपूर्वी कोल्हापुरातच पक्का केला होता. लक्ष्मीबाईंसाठी ते तसं नव्हतं. त्यांना ना सत्यशोधकांच्या परिषदा माहीत होत्या, ना शाहू महाराजांचा सहवास लाभला होता. त्यांच्याकडे होती माहेरहून आलेली श्रद्धा, आणि ती चुलीभोवती बांधलेली. सुरुवातीला त्यांना हे रुचलं नाही. सोवळं सांभाळायची त्यांची धडपड चालूच होती.

मग बदल कसा झाला? भाऊरावांच्या चरित्रांमध्ये याचं श्रेय बहुधा भाऊरावांच्या समजावण्याला दिलं जातं. ते पूर्ण खरं वाटत नाही. भाऊराव घरी असायचेच किती! धान्य आणि वर्गणी गोळा करत ते गावोगाव हिंडायचे. घरी पोरं आणि लक्ष्मीबाई. आईला सोडून प्रथमच बाहेर पडलेलं पोर रात्री रडतं, तापानं फणफणतं, भूक लागली की चुलीकडे येऊन उभं राहतं. त्याच्या कपाळावर हात ठेवताना सोवळं मोडतंच. ते एकदा मोडलं, दहादा मोडलं, की मग रोज काय सांभाळायचं हा प्रश्न आपोआप सुटत जातो. व्याख्यान ऐकून बदलणाऱ्यांपेक्षा असं काम करता करता बदलणारी माणसं जास्त पक्की असतात.

महत्त्वाचं म्हणजे लक्ष्मीबाईंनी धर्म सोडला नाही. व्रतं, उपास, देवदर्शन यावरची त्यांची निष्ठा तशीच राहिली. अहिंसा आणि दया तर जैन धर्माचा गाभाच. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाला शिवायचं नाही, ही त्यावर चढलेली रूढीची पुटं. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पुटं गळाली आणि गाभा राहिला.

एकेक दागिना

पोरं वाढत गेली तसा खर्च वाढला. रयतेचं गणित मुष्टिफंडावर चालायचं. म्हणजे घरोघरच्या बायका दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि ते वसतिगृहासाठी गोळा व्हायचं. कल्पना फार सुंदर, पण पाऊस लांबला, सुगी पडली की मुठीही आटायच्या. पोरांची भूक मात्र आटत नाही.

अशा वेळी माहेरचं सोनं बाहेर निघायचं. कधी पाटल्या, कधी गळ्यातलं. दागिना म्हणजे त्या काळच्या बाईची एकमेव स्वतःची मालमत्ता. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासरचं. स्त्रीधन तेवढं तिचं, म्हातारपणाची आणि अडीअडचणीची ठेव. लक्ष्मीबाईंनी ती ठेव दुसऱ्यांच्या मुलांच्या भाकरीत घातली.

आणि एकदा तो प्रसंग आला. भाऊराव परगावी होते, वसतिगृहातलं धान्य संपलं होतं आणि विकण्याजोगं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते मंगळसूत्र. नवरा जिवंत असताना ते गळ्यातून उतरवणं म्हणजे अशुभाला निमंत्रण, अशी पक्की समजूत. ती समजूत लक्ष्मीबाईंच्याही मनात असणारच, त्या त्याच संस्कारात वाढलेल्या होत्या. तरी त्यांनी ते मोडलं आणि पोरांच्या जेवणाची सोय केली.

या प्रसंगाकडे नुसता त्याग म्हणून बघितलं की त्यातला एक भाग निसटतो. नवरा गावात नव्हता, म्हणजे हा निर्णय त्यांनी एकटीनं घेतला. सोवळं सोडलं ते नवऱ्याच्या आग्रहानं, असं म्हणायला निदान जागा आहे. मंगळसूत्राच्या बाबतीत तीही नाही.

25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं गेलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका छपराखाली राहतात, एकत्र जेवतात, हे गांधीजींनी तिथं बघितलं. याच्या पाच वर्षांनंतर पुणे करार झाला आणि अस्पृश्यता निवारणाची मोहीम देशभर निघाली, हे लक्षात घेतलं तर साताऱ्यातल्या त्या पंगतीचं मोल कळतं. समारंभाचे मानकरी अर्थातच भाऊराव होते.

आपलं आणि दुसऱ्याचं

या सगळ्यात लक्ष्मीबाईंची स्वतःची मुलंही लहान होती. वेगळं ताट, वेगळा घास असा प्रकार या घरात चालणारा नव्हता. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब बोर्डिंगच्या पोरांच्या गलक्यातच वाढले. यात मुलांच्या वाट्याला काय आलं असेल, हा प्रश्न भाऊरावांच्या गौरवपर लिखाणात फारसा विचारला जात नाही. आईचं लक्ष कितीतरी जणांत वाटलं जाणं आणि आईच्या अंगावरचे दागिने एकेक करून नाहीसे होताना बघणं हे लहान मुलाला सोपं नसतं. आप्पासाहेबांनी पुढे त्याच संस्थेचं काम केलं, एवढी नोंद मात्र आहे.

कष्टांनी शरीर खंगत गेलं. 1930 साली लक्ष्मीबाई गेल्या. आप्पासाहेब तेव्हा पोरवयातच होते. भाऊराव बेचाळिशीत होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

रयत शिक्षण संस्थेचा मोठा विस्तार झाला तो यानंतर. साताऱ्यात अध्यापक विद्यालय 1935 साली निघालं, महाराजा सयाजीराव हायस्कूल 1940 साली आणि छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 साली. 9 मे 1959 रोजी भाऊराव गेले तेव्हा संस्थेची 38 वसतिगृहं आणि शंभराहून जास्त माध्यमिक शाळा होत्या. लक्ष्मीबाईंनी यातलं एकही हायस्कूल बघितलं नाही. त्यांच्या वाट्याला आली ती फक्त पोरं, चूल आणि रिकामे होत जाणारे धान्याचे डबे.

वसतिगृहात त्यांनी सांभाळली ती मुलगेच. सोलापुरात मात्र रयतेचं एक महाविद्यालय आहे, लक्ष्मीबाई भाऊराव पाटील महिला महाविद्यालय. ते फक्त मुलींचं आहे.