दोन भाषांमधली आई : पंडिता रमाबाई

आमच्या खासबागेत दिवस उजाडतो तो मागांच्या आवाजाने. त्या आवाजाची सवय झालेली माझी आई दुपारी ओसरीवर बसून गल्लीतल्या बायकांना कानडी कागद मराठीत वाचून दाखवीत असे. कधी विजेचे बिल, कधी बँकेची नोटीस, कधी पेन्शनचा अर्ज. तिचे माहेर गोकाककडचे, कानडी बोलणारे, सासर मराठी. आपल्या आईला ती अव्वा म्हणे आणि आम्ही तिला आई म्हणत असू. शिक्षण सातवीपर्यंतचे. आपण भाषांतर करतो, असे तिच्या मनातही कधी आले नसेल. दोन वर्षांपूर्वी एका रात्री जेवणखाण आवरून ती झोपली आणि सकाळी उठलीच नाही. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो.

त्यानंतर काही महिन्यांनी वाचनालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र माझ्या हाती पडले. शाळेत समाजसुधारकांच्या यादीत त्यांचे नाव मी पाठ केले होते, परंतु त्या एवढ्या मोठ्या भाषांतरकार होत्या, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे मी धाडस करीत आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. भाषेत काही उणे राहिल्यास प्राध्यापकवर्गाने सांभाळून घ्यावे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी आपल्याच कर्नाटकात, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्या जिथे उगम पावतात, तो हा प्रदेश. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. घर मराठी, मुलूख कानडी. बायकोला संस्कृत शिकवायचे असा त्यांचा हट्ट होता आणि त्यासाठी त्यांनी लोकांचा रोष पत्करला. ती बायको म्हणजे रमाबाईंच्या आई लक्ष्मीबाई. वयाच्या नवव्या वर्षी त्या लग्न होऊन आल्या आणि पुढे स्वतः पंडिता झाल्या. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना या कुटुंबाने आश्रम सोडला आणि पुराण सांगत तीर्थयात्रा सुरू केली. लहानग्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो डोक्यावर घेऊन डोंगर उतरविण्यात आले.

रमाबाईंना शिकविले ते आईने. घरकामातून दिवसा सवड मिळत नसे, म्हणून लक्ष्मीबाई पहाटे मुलीला उठवीत, मांडीवर घेत आणि पाठ म्हणवून घेत. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणेही पाप समजले जाई, त्या काळी एका आईने असे पहाटेचे विद्यापीठ चालविले. या भटकंतीत मराठीबरोबर कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगालीही रमाबाईंच्या जिभेवर बसली.

मग दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. आधी वडील गेले आणि काही आठवड्यांतच आई गेली. परक्या गावात खांदा द्यायला माणसे मिळेनात. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. तेव्हा भाऊ श्रीनिवास, ते दोघे आणि रमाबाई अशा चौघांनी तिरडी उचलली. रमाबाई उंचीने कमी, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या वाटणीचा भार डोक्यावर घेतला आणि जवळजवळ तीन मैल चालल्या. जिने पेटाऱ्यातून जपून नेले, तिला पोरीने डोक्यावरून पोचविले. हा प्रसंग वाचला तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो होतो.

थोरली बहीणही पुढे वारली. उरलेली ही दोघे भावंडे पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्यास पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये श्रीनिवासही गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पतीला पटकीने ओढून नेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, कडेवर दहा महिन्यांचे मूल.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. हे सारे 1882 या एका वर्षात घडले! 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तिथे व्याख्याने देऊन निधी जमविला आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादात कोणाचे किती खरे, हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. मात्र 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांत उपाशी स्त्रिया व मुलींना शोधून आणणाऱ्यांत रमाबाई होत्या, हे त्यांचे विरोधकही नाकारू शकले नाहीत. आईबापांना अन्नावाचून मरताना पाहिलेली मुलगी दुसरे काय करणार? पुण्याजवळ केडगाव येथील त्यांच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार स्त्रियांना आसरा मिळाला. शेती, विणकाम, दूधदुभते, छापखाना अशी कामे त्या शिकल्या. विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या मला हे विशेष वाटले. दान संपते, पण हातात आलेला धंदा संपत नाही, हा हिशेब त्यांनी नेमका ओळखला होता.

आता भाषांतराकडे वळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस रमाबाईंनी बायबलचे मराठीत नव्याने भाषांतर करण्याचे ठरविले. मराठी बायबल आधीच होते. पण त्यातील भाषा खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळत नाही, असे त्यांचे मत होते. इंग्रजीवरून भाषांतर करणे सोपे होते, परंतु तसे न करता त्या पन्नाशीच्या आसपास इब्री आणि ग्रीक शिकल्या. इतर स्त्रियांना शिकता यावे म्हणून इब्रीचे व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केले. सदनाच्या छापखान्यात खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, बांधणी करणे ही कामे तिथल्याच स्त्रिया करीत. संस्कृतात पदवी मिळविलेल्या या विदुषीने जड शब्द बाजूला ठेवून साध्या बाईची मराठी निवडली, ही गोष्ट मला त्यांच्या पदव्यांहून मोठी वाटते.

हे काम चालू असतानाच 1921 च्या जुलैत मनोरमा वारल्या. वय अवघे चाळीस. त्या पदवीधर होत्या, आईचा उजवा हात होत्या आणि गुलबर्ग्याच्या (आताच्या कलबुर्गीच्या) शाळेची जबाबदारीही त्यांनी सांभाळली होती. सदनाचा भार पुढे त्यांच्यावरच यायचा होता. आईच्या माघारी मुलगी, हा जगाचा नेम इथे उलटा झाला. रमाबाईंनी पुन्हा मुद्रिते हातात घेतली आणि काम शेवटास नेले. त्यानंतर लवकरच, 5 एप्रिल 1922 रोजी, झोपेतच त्यांचे देहावसान झाले. चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. तो त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या हातांनी तो पुरा केला.

वाचकहो, हे शेवटचे पान वाचले आणि मला आईच्या ट्रंकेतल्या एका कागदाची आठवण झाली. समोरच्या काकूंचा विधवा पेन्शनचा कानडी अर्ज आईने अर्धा भरून ठेवला होता. ती गेल्यावर तो तसाच घडी घालून राहिला. काकूंनी संकोचाने विचारले नाही आणि मी दुःखाने उघडला नाही. आमच्या दुःखाची किंमत काकू दरमहा मोजत होत्या, हे मला, जमाखर्च शिकणाऱ्याला, उमगले नव्हते.

मी कानडी शिकलो ते आईकडून आणि गल्लीत. माझे अक्षर तिच्याइतके वळणदार नाही. तरीही त्या संध्याकाळी मी ओसरीवर बसलो, काकूंना हाक मारली आणि एकेक रकाना मराठीत सांगत कानडीत भरला. वरचा अर्धा अर्ज तिच्या अक्षरात होता, खालचा माझ्या. तेव्हापासून गल्लीतले कागद माझ्याकडे येऊ लागले आहेत.

आपल्या या अंकाचे दोन विभाग आहेत, एक मराठी आणि एक कानडी. गंगामूळला जन्मून केडगावला विसावलेल्या या माउलीचे स्मरण दोन्ही विभागांना सारखेच शोभेल, असे मला वाटते.