बारा गावांचा भीम

कोजागरीला आम्ही परभणीकर गच्चीवर दूध आटवत बसतो. त्याच पौर्णिमेला तेलंगणातल्या आसिफाबादकडच्या डोंगरात, जोडेघाट नावाच्या गावी, गोंड आणि कोलाम मोठ्या संख्येने जमतात. कुमराम भीमची पुण्यतिथी ते तिथीनेच पाळतात. हा माणूस तसा आमच्याच संस्थानातला. १९४८ पर्यंत परभणी काय नि आसिफाबाद काय, अंमल निजामाचाच. तरी आमच्या शाळेच्या पुस्तकात तो कधी भेटला नाही. मला भेटला तो बँकेच्या नोकरीत.

किनवट तालुक्यात माझी बदली झाली होती. (हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता.) एक वयस्क गोंड शेतकरी बैलजोडीसाठी कर्ज मागायला आला. मी सातबारा मागितला. त्याने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. जंगल खात्याने वेळोवेळी केलेल्या दंडाच्या पावत्या होत्या त्या! अतिक्रमणाचा दंड आपण भरतो, म्हणजे जमीन आपणच कसतो, असा त्याचा साधा हिशेब. नियमात ते बसत नव्हते. मी अर्ज परत केला. उठताना तो, आज भीम असता तर, असे काहीसे पुटपुटला. कोण हा भीम, हे मी शिपायाला विचारले.

भीमचा जन्म १९०१ च्या सुमारास आसिफाबादजवळच्या संकेपल्लीतला. जंगल राखीव होत चालले होते. बापजाद्यांनी कसलेले रान एकाएकी सरकारी ठरे आणि मग चराईपट्टी, लाकडाचा दंड सुरू होई. खालच्या मुलखातून आलेली मंडळी पट्टे आपल्या नावावर करून घेत. त्यांत मराठी बोलणारेही होते, हे आपण कबूल केले पाहिजे. भीमचे वडील चिन्नू जंगल खात्याच्या माणसांच्या हातून मेले, असे सांगतात. कुटुंब सरदापूरला गेले. तिथल्या शेतावर सिद्दीकी नावाच्या इसमाने हक्क सांगितला, आणि भांडणात तो भीमच्या हातून मारला गेला.

भीम पळाला. चांद्याकडे एका छापखान्यात राहून लिहायला-वाचायला शिकला. पुढे आसामच्या चहामळ्यांत मजुरी केली, मजुरांच्या चळवळीत पडला, तुरुंगातून निसटून परतला. परत आल्यावर लच्छू पटेल नावाच्या गावमुख्याच्या जमिनीचा खटला त्याने हाती घेतला. मला भीमच्या चरित्रात हा भाग फार मोलाचा वाटतो. सिनेमावाल्यांना बंदूक दिसते. पण कागद काय करतो हे या माणसाने आधी ओळखले होते.

मग बाबेझरीला रान साफ करून वस्ती केली, तर सरकारी माणसांनी घरे जाळली. अर्जविनंत्या झाल्या. शेवटी बारा गावे एकत्र आली, जोडेघाट त्यांतलेच. सरकारने तडजोड म्हणून पट्टे देऊ केले, भीमला स्वतःसाठी वाढीव जमीनही. त्याने ती नाकारली. बारा गावांचा कारभार गावांनीच पाहावा आणि पकडलेली माणसे सोडावीत, ही त्याची मागणी होती. एका माणसाला दिलेली जमीन उद्या काढून घेता येते, गावाचा अधिकार तसा काढता येत नाही, असे त्याच्या मनात असावे. हा माझा तर्क. १९४० साली पोलिसांनी जोडेघाटला वेढा घातला. त्या गोळीबारात भीम आणि त्याचे अनेक सोबती पडले.

निजाम सरकारला मात्र जाग आली. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासाला लावले गेले. मारलवाई गावी गोंडी शाळा निघाली. शिक्षणाच्या या कामात निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी होते. शिवचरित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, गोंडीचे व्याकरण लिहिणारे म्हणून नाही. आदिलाबाद भागात लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे पुढच्या काही वर्षांत आदिवासींच्या नावे झाले. जे जिवंतपणी मागून मिळाले नाही, त्यातला जमिनीचा भाग असा मेल्यावर मिळाला. कारभाराचा भाग राहिलाच.

तो जगभर राहिला होता. सप्टेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात स्वयंनिर्णय आहे, आणि संमतीवाचून कुणाला त्याच्या जमिनीवरून हलवू नये हेही आहे. भारताने बाजूने मत दिले, मात्र सारेच भारतीय मूलनिवासी, अशी पुस्ती जोडून. आपल्याकडे त्याआधीच, २००६ साली, वनहक्क कायदा झाला होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा आदिवासींनी द्यायचा, आणि दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेने करायची. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा बारा गावांतले निदान एक गाव जिंकले, असे मला वाटून गेले.

या दाव्यांना महाराष्ट्रात कित्येकांनी जोडल्या त्या जुन्या दंडाच्या पावत्याच. बातमी वाचली तेव्हा किनवटचे ते टेबल डोळ्यांपुढे आले. त्या गठ्ठ्यातली सर्वांत जुनी पावती कोणत्या सालची होती, हे मी त्या दिवशी पाहिलेही नव्हते.